जमा की नावे? जुन्या ट्रॅक्टरवरचा चार्जिंगचा काटा

मृगाचा दमदार पाऊस झाला आणि वाफसा आला की जानेफळच्या शिवारात कोणालाच उसंत नसते. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातलं, मेहकर-खामगाव रस्त्यावरचं हे गाव. भोवती काळी जमीन, खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा आणि गहू. पेरणीचे दिवस मोजके असतात. अशा सकाळी किल्ली फिरवल्यावर सेल्फने नुसतंच ‘कट्’ केलं आणि इंजिन फिरलंच नाही, तर अख्ख्या घराचा जीव टांगणीला लागतो. मग शेजारच्या ट्रॅक्टरला साखळी लावा, ओढून चालू करा. नाही तर आदल्या रात्रीच ट्रॅक्टर उतारावर उभा करून ठेवा. कित्येक कास्तकारांनी ही उताराची सवय वर्षानुवर्षं लावून घेतली आहे. बॅटरी ‘एकाएकी’ गेली असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा ती एकाएकी गेलेली नसते. स्टिअरिंगमागच्या एका छोट्या गोल मीटरचा काटा ती बातमी आठ-दहा दिवसांपासून देत असतो.

हा मीटर म्हणजे अँपिअर मीटर. कोणी त्याला चार्जिंगचा मीटर म्हणतात, कोणी नुसताच ‘काटा’. जुन्या ट्रॅक्टरवर त्याचं मोल गाडीपेक्षा जास्त, आणि त्याला कारण आहे. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, ठिणगीला वीज लागते. त्यामुळे चार्जिंग बंद पडलं तर बॅटरी संपताच गाडी वाटेतच थांबते आणि बिघाड लपत नाही. डिझेल इंजिनात ठिणगीचं कामच नाही. सिलिंडरमधली हवा दाबली जाते, त्या दाबाने इतकी तापते की त्यात उडालेलं डिझेल आपोआप पेट घेतं. जुन्या ट्रॅक्टरवर इंजिन बंद करायलाही वीज लागत नाही. दोरी ओढली की पंपातून येणारं डिझेल थांबतं. म्हणजे सकाळी एकदा सेल्फ मारला की दिवसभर नांगरट करा, रोटाव्हेटर चालवा, बॅटरी चार्ज करणारा डायनामो मेलेला असला तरी ट्रॅक्टर तक्रार करणार नाही. तक्रार होते ती काही दिवसांनी, एखाद्या सकाळी. तोपर्यंत साक्षीदार एकटा तो काटा.

भारतात ट्रॅक्टर बनू लागले त्या पिढीतली यंत्रं आजही खेड्यापाड्यांत कामाला आहेत. 1963 साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीशी भागीदारी केली आणि त्यातून मुंबईच्या कांदिवलीत बी-275 हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. मूळ घडण ब्रिटनमधली. पुढे 1970च्या दशकात पिंजोरचा एचएमटी-झेटर आला, दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आखलेला स्वराज मोहालीत बनू लागला. मॅसी फर्ग्युसन, आयशर, एस्कॉर्ट, फोर्ड ही नावं तर विदर्भातल्या कोणत्याही मिस्त्रीला तोंडपाठ. यांतल्या बऱ्याच ट्रॅक्टरांच्या डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचा मीटर, पाण्याच्या तापमानाचा मीटर आणि त्यांच्या शेजारी हा अँपिअर मीटर अशी मांडणी असायची. ऑइलचा काटा खाली गेला की चालक घाबरतो. अँपिअरचा काटा कुठेही गेला तरी सहसा कोणी बघत नाही, कारण त्याचं बोलणं नीट समजावून कोणी दिलेलंच नसतं.

मीटरच्या तबकडीवर शून्य मधोमध असतं. दोन्ही बाजूंना बहुधा तीस-तीसपर्यंत आकडे. एका बाजूला इंग्रजी ‘सी’, म्हणजे चार्ज. दुसऱ्या बाजूला ‘डी’, म्हणजे डिस्चार्ज. काही मीटरांवर अक्षरांऐवजी अधिक आणि उणे अशी चिन्हं असतात. मीटर उघडून पाहिला तर आत आश्चर्य वाटावं इतकं थोडं सामान निघतं: पितळेची एक पट्टी, जवळ छोटंसं चुंबक आणि काट्याच्या आसावर बसवलेला लोखंडाचा हलका तुकडा. प्रवाह नसतो तेव्हा चुंबक त्या तुकड्याला मध्यावर धरून ठेवतं. पट्टीतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि काटा एका बाजूला ओढला जातो. प्रवाहाची दिशा उलटली की काटाही उलटतो. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने 1820 साली दाखवलं, आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या आंद्रे-मारी अँपिअरने त्यामागचं गणित मांडायला घेतलं. मीटरला नाव मिळालं ते याच अँपिअरचं.

आता हा मीटर जोडलेला कुठे असतो, ते कळलं की अर्धं काम झालं. बॅटरीतून सर्वांत जाड केबल निघते ती थेट सेल्फकडे. सेल्फच्याच टर्मिनलवरून दुसरी, थोडी बारीक वायर वर डॅशबोर्डकडे येते, मीटरच्या एका बोल्टवर चढते आणि दुसऱ्या बोल्टवरून पुढे किल्लीच्या स्विचकडे, लायटींकडे आणि डायनामोला बॅटरीशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआऊटकडे जाते. म्हणजे सेल्फ सोडून बॅटरीत येणारा आणि बॅटरीतून जाणारा सगळा प्रवाह या एका मीटरमधूनच जातो. सेल्फचा प्रवाह मुद्दामच वगळलेला आहे. तो शेकड्यांनी अँपिअर असतो, एवढासा मीटर क्षणात जळून जाईल.

म्हणून एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. हा मीटर बॅटरीत किती वीज शिल्लक आहे ते सांगत नाही. बँकेच्या खात्यात या घडीला रक्कम जमा होते आहे की नावे पडते आहे, एवढंच तो सांगतो. काटा ‘सी’कडे असेल तर बॅटरीत वीज जमा होते आहे, ‘डी’कडे असेल तर बॅटरीतून वीज जाते आहे, शून्यावर असेल तर येणं नाही आणि जाणंही नाही. शिलकीचा अंदाज दिवसभराच्या जमा-नावेवरून आपणच बांधायचा.

निरोगी ट्रॅक्टरवर सकाळी काय दिसतं ते पाहू. किल्ली फिरवली, इंजिन बंद: काटा शून्यावरून केसभर ‘डी’कडे सरकतो. मीटर, लाल दिवा असली किरकोळ कामं बॅटरीवर चालू झालेली असतात. हीटर असलेल्या ट्रॅक्टरवर थंडीत हीटर दाबला तर काटा साधारण दहा-बारा अँपिअर ‘डी’कडे जातो, नाही गेला तर हीटर जळाला आहे हेही तिथेच कळतं. मग सेल्फ. सेल्फ घरघरतो तेव्हा काटा जवळपास जागचा हलत नाही आणि नवख्याला वाटतं मीटर बंद आहे. तो बंद नसतो, सेल्फची वाट वेगळी आहे एवढंच. इंजिन धरलं, थोडं ॲक्सिलेटर दिलं की काटा एकदम ‘सी’कडे उडी घेतो, दहावर, पंधरावर, डायनामोऐवजी अल्टरनेटर असेल तर कधी वीसवरही. आणि मग मिनिटामिनिटाने मागे येतो, शून्याच्या थोडासा पुढे, ‘सी’च्या अंगाला टेकून बसतो.

नेमका इथेच सगळ्यांत मोठा गैरसमज होतो. “सकाळी चार्जिंग चांगलं करतो, तासाभराने बंद पडतो,” अशी तक्रार घेऊन ट्रॅक्टर मिस्त्रीकडे येतो आणि प्रसंगी चांगला डायनामो खोलला जातो. खरं तर काटा शून्याजवळ परत येणं हीच चांगल्या तब्येतीची खूण. हिशोब करून पाहावा. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ तीनशे अँपिअर ओढतो आणि पाच सेकंदांत इंजिन धरतं असं मानलं, तर खर्च झाला दीड हजार अँपिअर-सेकंद, म्हणजे अर्ध्या अँपिअर-तासापेक्षाही कमी. ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा 75 ते 88 अँपिअर-तासांची असते. तेव्हा सेल्फचा आवाज कितीही भारी वाटला तरी बॅटरीतला फार तर अर्धा-पाऊण टक्का गेला. दहा अँपिअरने चार्जिंग झालं तर अडीच मिनिटांत तेवढी वीज परत येते. घट धरून चार मिनिटं म्हणा. खड्डा भरला की ओतायचं थांबायचं, हे रेग्युलेटर आपोआप करतो. तो डायनामोचा दाब साधारण 14 व्होल्टच्या आसपास बांधून ठेवतो. बॅटरी रिकामी असताना तिचा दाब कमी असतो, दोघांतला फरक मोठा असतो, म्हणून प्रवाह जोरात जातो. बॅटरी भरत आली की तिचा दाब वर चढतो, फरक मिटत जातो आणि काटा खाली येतो. तासभर चालूनही काटा वीसवरच अडून बसला असेल, तर काळजी करायची ती तेव्हा.

संध्याकाळचं गणित वेगळं असतं. दोन हेडलाइट पंचेचाळीस वॅटचे, मागचे दिवे, नांगरावर उजेड पाडणारा मागचा लॅम्प, सगळं मिळून एकशेतीस-चाळीस वॅट सहज होतात. बारा व्होल्टवर ते सुमारे अकरा अँपिअर. जुन्या लहान डायनामोची पूर्ण क्षमताच अकराच्या आसपास असायची. मोठा असेल तर वीस-बावीस. म्हणजे लहान डायनामोवर सगळे दिवे लावून रात्री काम केलं तर बॅटरीच्या वाट्याला काहीच उरत नाही. त्यात डायनामोची एक खोड आहे: तो कमी फेऱ्यांवर वीजच देत नाही. इंजिन सहाशे-सातशेवर मंद चालत असेल तर डायनामोचा दाब बॅटरीच्या खाली राहतो आणि कटआऊट दोघांचा संबंध तोडून टाकतं, नाही तर बॅटरीच उलट डायनामोला फिरवू लागली असती. म्हणून ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला मंद चालू ठेवून, दिवे लावून गप्पा मारत उभं राहिलं तर काटा ‘डी’कडे जाणारच. हा बिघाड नव्हे. ॲक्सिलेटर वाढवल्यावर काटा शून्य ओलांडून ‘सी’कडे आला म्हणजे झालं.

ॲक्सिलेटर वाढवूनही तो येत नसेल तर मात्र शोध सुरू करावा, आणि तो सोप्याकडून अवघडाकडे न्यावा. आधी पट्टा. फॅन बेल्टच्या मोठ्या पल्ल्यावर अंगठ्याने दाबलं तर तो अर्ध्या इंचाच्या आसपास दबावा. त्याहून जास्त दबत असेल, किंवा पट्ट्याच्या कडा चकचकीत झाल्या असतील, तर तो पुलीवर घसरतो आहे. ओलाव्यात, पेरणीच्या दिवसांत, घसरणाऱ्या पट्ट्याची किंचाळी ऐकू येते. धुळीत ती येतही नाही. मग बॅटरीचे टर्मिनल. पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. घासून चकचकीत करून, आवळून, वरून थोडं ग्रीस लावावं. अर्थिंगची पट्टी चासीला जिथे बोल्टने लावलेली असते तिथला गंज आणि रंग खरवडावा. ‘डायनामो खराब’ म्हणून आलेल्या कित्येक ट्रॅक्टरांत दोष या एका बोल्टात असतो.

यानंतर डायनामो. त्याच्या आत तांब्याच्या पट्ट्यांचा गोल कम्युटेटर आणि त्यावर टेकलेले दोन कार्बन. कार्बन झिजून आखूड झाले की स्प्रिंग त्यांना नीट दाबू शकत नाही, ठिणग्या उडतात आणि काटा थरथरू लागतो. कार्बनची किंमत सगळ्या दुरुस्तीत सर्वांत कमी, आणि दोष बहुतेकदा तिथेच. जुन्या ब्रिटिश घडणीच्या डायनामोच्या मागच्या झाकणावर तेल सोडायला एक बारीक भोक असतं. त्यात चार-सहा महिन्यांनी थोडं तेल सोडलं तर मागचा बुश टिकतो. ते भोक चिखलाने बुजलेलं असतं आणि ते आहे हेच चालकाला ठाऊक नसतं. भोक साफ करून दोन-तीन थेंब सोडायचे, जास्त नाही. जास्तीचं तेल कम्युटेटरवर गेलं तर कार्बन घाण होतात.

उलट बाजूचा बिघाड जास्त महागात पडतो, कारण तो दिसायला छान दिसतो. काटा सतत ‘सी’कडे ताठ, आणि मालक खूश: चार्जिंग जोरात आहे! पण तासन् तास पंधरा-वीस अँपिअर जात असतील तर दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक, बॅटरीतला एखादा सेल आतून शॉर्ट झाला आहे, त्यामुळे ती कितीही ओतलं तरी भरत नाही. दोन, रेग्युलेटर निकामी होऊन दाबाला लगाम उरलेला नाही. दुसऱ्या प्रकारात बॅटरी उकळते, पाणी झपाट्याने उडतं, आजूबाजूच्या पत्र्यावर आम्लाचे डाग पडतात, हेडलाइटचे बल्ब एकामागून एक जातात. बुलढाण्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पाणी एरवीही उडत असतं. त्यात ही भर. दर आठवड्याला बॅटरीत पाणी घालावं लागत असेल तर आधी काट्याकडे बघावं. आणि पाणी घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात.

काटा अगदी मेल्यासारखा शून्यावर असेल, तर तपासण्याची सोपी युक्ती आहे. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावावे. काटा सात-आठ अँपिअर ‘डी’कडे गेला पाहिजे. गेला तर मीटर ठीक. दिवे लागूनही काटा हलला नाही तर मीटर तरी जाम आहे, नाही तर कोणीतरी त्याला वगळून वायर ‘डायरेक्ट’ केली आहे. दिवे लावल्यावर काटा ‘सी’कडे गेला तर मीटरच्या मागच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या आहेत, त्या उलट लावल्या की काम झालं. पण वायरींना हात लावण्यापूर्वी बॅटरीचं अर्थिंग काढायचं, कारण या वायरीवर बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत फ्यूज नसतो. पाना घसरून पत्र्याला लागला तर ती वायर क्षणात लाल होते.

आजकाल ट्रॅक्टरांवर या मीटरला खोटं बोलायला लावणारी एक गोष्ट सर्रास दिसते, आणि तिच्यापाशी थोडं थांबायला हवं. एलईडीची लांब पट्टी, टेप, दोन मोठे स्पीकर, मोबाइलचा चार्जर. ही सगळी जोडणी घाईत करताना वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर चढवली जाते. बॅटरीचं टर्मिनल हे मीटरच्या अलीकडचं टोक आहे. तिथून निघणारी वीज मीटरमधून जातच नाही. परिणाम असा की इंजिन बंद असताना टेप दोन तास वाजला, बॅटरी उतरत गेली, तरी काटा शून्यावर शांत. आणि इंजिन चालू असताना याच टेपला आणि एलईडीला लागणारी वीज डायनामोकडून मीटर ओलांडून बॅटरीच्या बाजूला येते, तेव्हा काटा भरघोस ‘सी’ दाखवतो. मालकाला वाटतं बॅटरी भरते आहे. प्रत्यक्षात ती वीज बॅटरीच्या दारावरूनच टेपकडे वळलेली असते. पालखी, वरात, पोळा, गणपती यांच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुरू न होण्याच्या तक्रारी येतात, त्यांचं मूळ पुष्कळदा या एका वायरीत सापडतं. उपाय अवघड नाही: जास्तीची जोडणी मीटरच्या पलीकडच्या बोल्टवरून, योग्य जाडीच्या वायरीने आणि स्वतंत्र फ्यूज लावून घ्यावी. मग काटा पुन्हा खरं सांगू लागतो. मात्र तीस अँपिअरच्या मीटरमधून मोठ्या साउंड सिस्टिमचा भार ओढायचा नाही. तिला स्वतःची वेगळी बॅटरीच हवी.

असाच घोटाळा डायनामो काढून अल्टरनेटर बसवताना होतो. हा बदल स्वतः चांगला आहे. अल्टरनेटर मंद इंजिनावरही वीज देतो, त्याच आकारात पस्तीस-चाळीस अँपिअर काढतो, कार्बनची झीज कमी. पण बसवणाऱ्याने त्याची जाड वायर सरळ बॅटरीवर नेली, तर चार्जिंग मीटरला वळसा घालून जातं. त्यानंतर काटा कधीच ‘सी’कडे जाणार नाही, दिवे लावले की नुसता ‘डी’ दाखवेल, आणि पुढच्या मिस्त्रीला वाटेल अल्टरनेटर मेला. शिवाय तीस अँपिअरच्या जुन्या मीटरमधून चाळीस अँपिअरचा अल्टरनेटर नेणंही बरोबर नाही. साठ अँपिअरचा मीटर आणि तशीच जाड वायर घ्यावी, किंवा मीटरच बदलून व्होल्टमीटर बसवावा.

जुना डायनामो एका बाबतीत मात्र अल्टरनेटरपेक्षा सरस होता. त्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व मुरलेलं असतं, त्याच्या जोरावर तो बॅटरी पूर्ण मेलेली असली तरी स्वतःच जागा होतो. अल्टरनेटरला सुरुवातीला थोडी वीज बाहेरून लागते, आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत ती डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातून मिळते. त्यामुळे ठार रिकाम्या बॅटरीवर ट्रॅक्टर ओढून चालू केला तरी चार्जिंग सुरू होईलच असं नाही. किल्ली दिल्यावर तो लाल दिवा लागलाच पाहिजे. बल्ब उडालेला असेल तर तो शेंगदाण्याएवढा बल्ब अख्ख्या चार्जिंगचा खोळंबा करू शकतो. दिवा किल्लीवर लागणं आणि इंजिन चालू झाल्यावर विझणं, दोन्ही तितकंच महत्त्वाचं.

अँपिअर मीटरच्या नजरेत न भरणारी एक चोरीही आहे. तीसपर्यंत आकडे असलेल्या तबकडीवर अर्ध्या अँपिअरची गळती दिसतच नाही, काटा शून्यावरच वाटतो. पण अर्धा अँपिअर गुणिले चोवीस तास गुणिले सात दिवस म्हणजे चौऱ्याऐंशी अँपिअर-तास. भरलेली बॅटरी आठवड्यात साफ. पेरणी आटोपली, पुढचं काम लागेपर्यंत ट्रॅक्टर गोठ्याशेजारी पंधरा दिवस उभा राहिला आणि बॅटरी उतरली, तर शंका अशा गळतीवर घ्यावी. टेपची कायम जोडलेली वायर असेल, अल्टरनेटरचा डायोड गळत असेल, किंवा बॅटरीच्या माथ्यावर धूळ आणि आम्ल मिळून बसलेला ओलसर थर दोन टर्मिनलांच्या मध्ये वीज वाहून नेत असेल. माथा पुसून कोरडा ठेवणं आणि लांब मुक्कामाला अर्थिंगची केबल काढून ठेवणं, एवढ्याने बॅटरीचं आयुष्य वाढतं. शिसं आणि आम्लाची ही बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने 1859 साली बनवली. तेव्हापासूनची तिची प्रकृती अशी की रिकामी पडून राहिली की प्लेटांवर कठीण सल्फेट धरतं आणि मग ती पूर्ववत भरत नाही.

शिल्लक नेमकी मोजायची असेल तर काट्याच्या जोडीला एक साधा मल्टिमीटर हवा. रात्रभर विसावलेल्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2 म्हणजे अर्धीमुर्धी. बाराच्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना व्होल्ट दहाच्या बरेच खाली कोसळत असतील तर बॅटरी थकली आहे. इंजिन मध्यम वेगात चालू असताना 13.8 ते 14.4 मिळायला हवेत. पंधराच्या वर जात असेल तर ट्रॅक्टर तसाच चालवू नये. आम्लाची घनता मोजणारा काचेचा हायड्रोमीटर बॅटरीवाल्याकडे असतोच: 1.260 ते 1.280 पूर्ण, 1.200च्या आसपास निम्मी. सहा सेलांपैकी एकाच सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर दोष त्या सेलचा, डायनामोचा नव्हे.

दोन जुन्या सवयी मात्र आजच सोडायला हव्यात. चार्जिंग तपासायला चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून बघण्याची पद्धत डायनामोच्या काळात खपून गेली. अल्टरनेटरवर तसं केलं तर दाब एकदम उसळतो आणि डायोड किंवा रेग्युलेटर जागेवर जळतो. शंभर रुपयांची शंका हजारोंच्या घरात जाते. दुसरी सवय जिवावरची: पाण्याची पातळी बघायला काडी पेटवणं, तोंडात विडी ठेवून बॅटरीवर वाकणं. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि एका ठिणगीने आम्लासकट ती फुटते. चार्जरचे चिमटेही आधी चार्जर बंद करून मगच काढावेत.

मीटरच्या मागच्या दोन नटांकडेही वर्षातून एकदा लक्ष द्यावं. ट्रॅक्टर हादरतो, नट सैल होतात, सैल जोडावर उष्णता तयार होते, आणि तिथून विनाफ्यूज वायरीचं आवरण वितळायला लागतं. डॅशबोर्डखालून जळक्या रबराचा वास आला आणि काटा उड्या मारत असेल तर आधी इंजिन बंद, मग अर्थिंग वेगळं, मग शोध. अशा वेळी बरेच जण दोन्ही वायरी एकाच बोल्टवर बांधून मोकळे होतात. ट्रॅक्टर चालतो, पण मालक आंधळा होतो. मीटर जळाला असेल, हरवला असेल, पूर्वीच्या मालकाने ‘डायरेक्ट’ केला असेल, तर नवा बसवून घ्या. बॅटरीच्या किमतीपुढे त्याची किंमत अगदीच थोडी आहे. आणि बसवून झाल्यावर मिस्त्रीसमोरच, इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा आणि काटा ‘डी’कडे जातो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच पैसे द्या.